‘पानी’ आणि ‘पाणी’

मुलांनो, एखादा मनुष्य दोन वाक्ये बोलला, की तो कोणत्या मुलखातला हे आपण ओळखतो. इथवर काही बिघडत नाही. पण आपण तेवढ्यावर थांबत नाही. तो किती शिकलेला असेल, कोणत्या जातीचा असेल, त्याच्या घरी पुस्तके असतील की नसतील, हेही आपण त्याच दोन वाक्यांवरून मनाशी ठरवून टाकतो. पाहण्याच्या आधीच केलेल्या अशा निवाड्याला पूर्वग्रह म्हणतात. हा दोष अडाण्यांत असतो, शिकलेल्यांत नसतो, असे तरुणपणी मला वाटत असे. तो माझ्यातच होता, हे मला एका बारा वर्षांच्या मुलाने दाखवून दिले.

१९८६ साली मी पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवीत होतो. एम. ए. ची पदवी नुकतीच हाती आली होती आणि शुद्ध भाषेचा अभिमान अंगात मावत नव्हता. दिवाळीनंतर खानदेशातला एक मुलगा सहावीच्या वर्गात आला. त्याचे आईवडील वीटभट्टीवर कामाला आले होते. पहिल्याच दिवशी तो उभा राहून म्हणाला, ‘‘सर, मले पानी पाहिजे.’’ मी हसून विचारले, ‘‘पानी? ते कोणत्या विहिरीत मिळते रे?’’ सारा वर्ग खदखदून हसला. आपण मोठा विनोद केला, असे मला वाटले. मुलगा खाली बसला. तो पाणी न पिताच बसला, हे मला आज आठवते. तेव्हा ते दिसले नव्हते.

त्यानंतर तो वर्गात बोलेनासा झाला. मीही त्याला मंद समजून मागच्या बाकावर बसविले. त्याची गणिताची वही वर्गात सर्वांत चांगली आहे, असे गणिताच्या शिक्षकांनी सांगितले, तेव्हा मला नवल वाटले. खरे म्हणजे लाज वाटावयास हवी होती.

फेब्रुवारीत मी ग्रंथालयातून ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक वर्गात नेले. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या असोदे गावच्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्या गाणी रचीत. १९५१ साली त्या वारल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी जपलेली ती गाणी पुढच्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली आणि मराठी वाचक थक्क झाले. हे सारे मी मोठ्या रंगात येऊन सांगितले. मग मनात आले, हा मुलगा त्याच मुलखातला. त्यालाच वाचावयास सांगावे. तो उठला आणि हळूहळू वाचू लागला. पुस्तकात ‘पानी’ छापलेले होते. त्याने ‘पाणी’ असे वाचले. मी म्हणालो, ‘‘अरे, जसे छापले आहे तसेच वाच.’’ तो मान खाली घालून, एकेक अक्षर सांभाळीत म्हणाला, ‘‘सर, ते चुकीचे आहे.’’

या खेपेस वर्गात कोणी हसले नाही. त्याच्या आईची भाषा चुकीची आहे, हे मीच त्याला शिकविले होते. ज्या बोलीला मी पुस्तकात मान देत होतो, तिलाच बाकावर हसलो होतो. पावसाळ्यापूर्वी भट्टीचे काम थांबले आणि ते कुटुंब निघून गेले. त्या मुलाची क्षमा मागावयाची राहून गेली.

पाण्यावरून माणसाला हिणविण्याचा आपला इतिहास फार जुना आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर आपल्या हजारो अनुयायांसह पाणी प्राशन केले, तेव्हा तो हक्कही झगडून मिळवावा लागत होता. १९५० साली अमलात आलेल्या आपल्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली आणि सार्वजनिक विहिरी व तळी सर्वांना खुली केली. हे कार्य केवढे थोर! परंतु कोणाच्या बोलीला, आडनावाला किंवा डब्यातल्या भाजीला आपण हसतो, तेव्हा ते थांबवावयास शिपाई येत नाही.

कोणी विचारील, मग प्रमाण भाषा शिकवूच नये काय? अवश्य शिकवावी. सावंतवाडीच्या माणसाचे पत्र नागपूरच्या माणसास सहज कळावे, यासाठी ती हवीच. शुद्धलेखनाचे गुण मी पुढेही कापीत राहिलो, हे माझे जुने विद्यार्थी सांगतील! पण नवा सदरा मिळाला म्हणून कोणी अंगावरचे कातडे सोलून काढीत नाही.

पुढे मी मुख्याध्यापक झालो, तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर मुलांनी आपल्या घरचा एकेक शब्द लिहावा, असा प्रघात पाडला. ‘मुलगा’ या एका शब्दासाठी एकाने मालवणीतला ‘झील’ लिहिला, दुसऱ्याने वऱ्हाडीतला ‘पोट्टा’. एके वर्षी एका मुलीने अहिराणीतला ‘आंडोर’ लिहिला. तो कोणालाच समजेना, मलाही नाही. मग तिने पुढे येऊन तो समजावून सांगितला, आणि आम्ही सर्वांनी तो आपापल्या वहीत उतरवून घेतला.