टेकडी आणि तिसरी पाळी

तिसरी पाळी संपवून चाकणहून निघालेली कंपनीची बस सकाळी निगडीत रिकामी होते, त्या सुमारास दुर्गादेवी टेकडीवर सेवानिवृत्त मंडळींचा पहिला फेरा पुरा होत असतो. त्यांतील पुष्कळांचा जन्म याच पट्ट्यातील कारखान्यांत गेलेला असल्यामुळे, आपल्या शहरात टेकडी पदरी पडते ती गुडघे झिजल्यावर, ग्रॅच्युइटीच्या रकमेबरोबर, असेच म्हणावे लागते.

कारखान्यातील श्रमाने शरीर आपोआप सुदृढ होते, हा समज चालती लाइन जवळून न पाहिलेल्यांचा आहे. तेथे हात राबतात, कंबर वाकते, परंतु गती यंत्राची असते. तोच बोल्ट, तोच खांदा, तेच अर्धे वळण, आणि दृष्टी एका बिंदूवर खिळलेली असताना श्वास छातीच्या वरच्या मजल्यावरच घुटमळत राहतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सलग पाच तासांहून अधिक काम न घेता निदान अर्धा तास विश्रांती देण्याची तजवीज केली खरी. पण कँटीनची रांग आणि जेवण यांतच तो अर्धा तास खर्ची पडतो.

श्वासाचीच गोष्ट निघाली तर, या पट्ट्यातून जाणाऱ्या लोहमार्गावर, लोकलच्या शेवटच्या स्थानकी, लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापिले आणि योगक्रियांना क्ष-किरणांच्या व दाबमापकाच्या साक्षीस उभे केले. प्राणायामाचे माहात्म्य अधिक प्राणवायू मिळण्यात आहे, हा लोकप्रिय समज त्यांना मान्य नव्हता. त्यांचा भर मज्जासंस्थेवर होणाऱ्या संस्कारावर होता. (टेकडीवरचे हौशी गुरू मात्र अद्याप ‘ऑक्सिजन भरून घ्या’ असाच हुकूम सोडतात.) चढणीवर असा हुकूम लागतच नाही. दगड पाहून पाऊल पडते, पाऊल पाहून श्वास लांबतो, सोबत्याशी बोलता येईनासे झाले की माणूस आपण होऊन थांबतो. पाळीभर यंत्राच्या तालावर चाललेल्या देहाला स्वतःची गती ठरविण्याचा अखत्यार तेथे परत मिळतो.

तेव्हा महानगरपालिकेने आणखी एक योगभवन बांधण्यापूर्वी उद्यानांच्या फाटकांवरील वेळापत्रक पाळ्यांच्या घड्याळाशी ताडून पाहावे, आणि कारखानदारांनी बसचा एक थांबा टेकडीच्या पायथ्याशी द्यावा. चाकणकडे तर भामचंद्र डोंगर औद्योगिक वसाहतीच्या शेजारीच उभा आहे. तुकोबांच्या चिंतनाचे स्थान म्हणून वारकऱ्यांनी त्याच्या रक्षणासाठी लढा दिला. परंतु त्याच्या छायेत जेवणाचा डबा उघडणाऱ्या कंत्राटी कामगाराचाही त्यावर काही हक्क पोहोचतो, हे कोणत्याही दप्तरी नोंदलेले नाही. थांबा दिल्यावर सगळेच उतरतील अशी माझी समजूत नाही. आठवड्यातून एकदा चौघे उतरले तरी पुष्कळ, बाकीच्यांनी खुशाल घरी जाऊन झोपावे.