हवेच्या वहीत खाडा नको



मंडळातलं पर्जन्यमापक बंद पडलं की विम्याच्या वेळी काय गत होते, ते तुम्हाला सांगायला नको. पाऊस किती पडला हे शेताला माहीत असतं, कागदाला मात्र आकडा लागतो. हवेचंही तसंच आहे.

हवाई बेटावर मौना लोआ नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारावर, सुमारे 3,400 मीटर उंचीवर, चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने मार्च 1958 मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. दहा लाख भाग हवेत तो 313 भाग भरला. 2024 ची सरासरी 424 च्या वर गेली. दर मे महिन्यात आकडा चढतो. उत्तरेकडची झाडं-पिकं हिरवी झाली की सप्टेंबरपर्यंत उतरतो. पण पुढच्या वर्षी तो आणखी वरच्या पायरीवर असतो. एक-दोन वर्षं मोजून ही चढण कुणाला दिसली नसती. 1964 साली सरकारी पैसा आटला आणि तिथेही काही काळ खाडा पडला. 2022 च्या नोव्हेंबरात लाव्हाने रस्ता आणि वीज तोडली, तेव्हा शेजारच्या मौना केआवर यंत्र लावून मोजणी चालू ठेवली.

आपल्याकडे? गोव्यात काब द रामच्या समुद्रकड्यावर 1993 पासून बाटल्यांत हवा भरून ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत पाठवत. पावसाळ्यात समुद्रावरचं वारं, हिवाळ्यात जमिनीवरचं. दोहोंतला फरक त्या बाटल्यांत उतरत होता. 2002 नंतर काम थांबलं, ते 2009 ला पुन्हा सुरू झालं. मधल्या वर्षांची हवा आता कोण भरून देणार? सिंहगडावरचे नमुनेही 2009 पासूनचेच.

इकडे पऱ्हाटी पेटवली की ठपका आपल्यावर. पेटवू नये, जमिनीला मिळणारा सेंद्रिय कर्ब जातो, हे मीही सांगत आलो आहे. पण पऱ्हाटीतला कर्ब त्याच हंगामात हवेतून आलेला असतो. मौना लोआची चढण मुख्यतः दगडी कोळशाची आणि खनिज तेलाची आहे. आता कार्बन क्रेडिटचे करार घेऊन माणसं बांधावर येतात. माप त्यांचं, काटा त्यांचा, भावही त्यांचाच! कापसात हे भोगून झालं आहे.

म्हणून मागणी अशी: कापूस-ज्वारीच्या पट्ट्यात, कृषी विद्यापीठाच्या आवारात, हवा मोजणारं कायमचं केंद्र हवं. प्रकल्प संपला म्हणून बंद पडणारं नको. आकडे दर महिन्याला मराठीत जाहीर व्हावेत. त्यावरून तुमच्या एकराचा कर्ब कळणार नाही, हे खरं; पण या पट्ट्याने किती घेतला, किती सोडला, याचा पुरावा आपल्या हाती राहील.

ठरावाचा मसुदा जिल्हा मेळाव्यात वाचला जाईल. दुरुस्त्या लिहून आणा.