बिनझेंड्याचा जगज्जेता

8 जून 1985. लंडनच्या लॉफ्टस रोड या फुटबॉल मैदानावर पंचवीस हजारांहून जास्त माणसं जमली होती. त्यातली हजारो बेलफास्टहून आणि डब्लिनहून समुद्र ओलांडून आलेली. कॅथलिक होते, तसे प्रॉटेस्टंटही होते. घरी असताना यातली बेलफास्टची माणसं वेगवेगळ्या वस्त्यांत राहत, मुलांना वेगवेगळ्या शाळांत घालत आणि भलत्या गल्लीत शिरलो तर जिवावर बेतेल या धास्तीत वावरत. त्या रात्री रिंगमध्ये उभा राहून एक गायक ‘डॅनी बॉय’ हे जुनं गाणं म्हणत होता आणि ती सगळी माणसं त्याच्याबरोबर गात होती. गायकाचं नाव पॅट. 1968 च्या युरोव्हिजन स्पर्धेत त्याने आयर्लंडचं प्रतिनिधित्व केलं होतं. आता काही मिनिटांत त्याचा मुलगा बॅरी मॅग्विगन मुष्टियुद्धाच्या जागतिक किताबासाठी लढणार होता.

हे गाणं निवडण्यामागे विचार होता. लढतीआधी राष्ट्रगीत वाजवायचं तर कुठलं? ब्रिटनचं वाजवलं तर कॅथलिक दुखावणार, आयर्लंडचं वाजवलं तर प्रॉटेस्टंट. मग दोघांच्याही घरात ऐकलं जाणारं गाणं बॅरीचे वडील गायचे. झेंड्याचंही तेच. आयर्लंडचा हिरवा-पांढरा-नारिंगी नको आणि ब्रिटनचा युनियन जॅकही नको. बॅरीच्या चड्डीवर शांततेचं कबुतर असे. ज्या काळात उत्तर आयर्लंडमध्ये माणसं धर्म विचारून मारली जात होती, त्या काळातली ही गोष्ट आहे. तीन दशकांच्या त्या संघर्षात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली.

बॅरीचा जन्म 28 फेब्रुवारी 1961 चा, मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स या गावातला. फाळणीने गावांचं काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. 1921 मध्ये आयर्लंडची फाळणी झाली तेव्हा क्लोन्स दक्षिणेत राहिलं आणि त्याचा बाजार ज्या खेड्यांवर चालायचा त्यातली बरीचशी सीमेपलीकडे गेली. पुढे संघर्ष पेटला आणि ब्रिटिश सैन्याने सीमेवरचे लहान रस्ते खड्डे पाडून बंद केले. मुष्टियुद्धाची संघटना मात्र साऱ्या बेटाची एकच राहिली होती. त्यामुळे बॅरी पहिले धडे सीमेपलीकडच्या वॉटलब्रिजच्या क्लबात गिरवू शकला आणि पुढे अलीकडच्या स्मिथबरोच्या क्लबाकडून खेळला. या खेळात त्याला सीमा लागलीच नाही. 1981 मध्ये, ज्या वर्षी तुरुंगातल्या उपोषणात दहा ब्रिटनविरोधी कैदी मेले आणि दोन्ही समाजांतली दरी आणखी रुंदावली, त्याच वर्षी त्याने गावातल्याच प्रॉटेस्टंट सँड्राशी लग्न केलं. तो स्वतः कॅथलिक.

हौशी खेळाडू म्हणून त्याची कारकीर्द छोटी पण लखलखीत आहे. 1978 च्या एडमंटन राष्ट्रकुल स्पर्धेत तो उत्तर आयर्लंडकडून उतरला आणि बँटमवेट गटाचं सुवर्णपदक घेऊन आला. वय 17. पदक घेताना हे पोर रडत होतं. दोन वर्षांनी मॉस्को ऑलिम्पिकला तो आयर्लंडच्या संघात होता. तिथे झांबियाच्या विन्फ्रेड काबुंडाने त्याला हरवलं आणि पदक हुकलं. एकाच मुलाने एकदा उत्तरेकडून आणि एकदा साऱ्या आयर्लंडकडून खेळावं, हे राजकारण्यांना कधी जमलं नसतं.

1981 मध्ये बेलफास्टचा बुकमेकर बार्नी ईस्टवुड याच्या व्यवस्थापनाखाली तो व्यावसायिक झाला. तिसऱ्याच लढतीत पीटर युबँककडून गुणांवर हरला. त्याच वर्षी परतफेडही केली. त्याची लढण्याची तऱ्हा सरळ होती. सतत पुढे जायचं, प्रतिस्पर्ध्याला श्वास घेऊ द्यायचा नाही आणि डाव्या हाताचा हूक बरगड्यांखाली, यकृतावर बसवायचा. 1983 च्या ब्रिटिश किताबासाठी लढता यावं म्हणून त्याने ब्रिटिश नागरिकत्व घेतलं. दक्षिणेतल्या कट्टरांना ते झोंबलं. पण बेलफास्टच्या किंग्ज हॉलमध्ये त्याच्या लढती होऊ लागल्या तेव्हा दोन्हीकडचे लोक शेजारी शेजारी बसू लागले. ‘मारामारी मॅग्विगनवर सोडा’ हे वाक्य तेव्हा तोंडोतोंडी झालं.

मात्र एक दिवस वगळून या माणसाचं कौतुक करणं मला पटत नाही. 14 जून 1982. लंडनच्या मेफेअर भागातल्या एका हॉटेलात, जेवणाच्या टेबलांमध्ये उभारलेल्या रिंगमध्ये, त्याची गाठ यंग अली या नायजेरियन मुष्टियोद्ध्याशी पडली. सहाव्या फेरीत अली कोसळला तो पुन्हा शुद्धीवर आलाच नाही. काही महिन्यांनी तो गेला. बॅरी तेव्हा 21 वर्षांचा. खेळ सोडून द्यावा इथपर्यंत त्याचं मन आलं होतं. शेवटी तो परतला. पण अलीला त्याने कधी विसरू दिलं नाही, स्वतःलाही आणि लोकांनाही.

आता लॉफ्टस रोडवर जाऊ. समोर पनामाचा युसेबिओ पेद्रोसा. सात वर्षं फेदरवेटचा जगज्जेता, 19 वेळा किताब राखलेला, उंच आणि लांब हातांचा. सुरुवातीच्या फेऱ्यांत तो जॅबने बॅरीला लांब ठेवत होता. लढतीचं चित्रण बारकाईने पाहिलं तर बॅरीचं काम कळतं. तो डोकं आणि खांदे सतत हलवत आत शिरतो, दोन ठोसे खातो आणि एक बरगड्यांवर लगावतो. सातव्या फेरीत त्याचा उजव्या हाताचा ठोसा पेद्रोसाच्या जबड्यावर बसला आणि जगज्जेता खाली आला. तो उठला आणि पंधराव्या फेरीपर्यंत टिकलाही, पण लढत तिथेच फिरली होती. निकाल एकमताने बॅरीच्या बाजूने लागला. नंतर कॅमेऱ्यासमोर हा नवा जगज्जेता रडत रडत यंग अलीबद्दल बोलला. ज्याच्याशी लढताना अलीचा जीव गेला तो कुणी साधा मुष्टियोद्धा न ठरता जगज्जेता ठरावा, एवढंच त्याचं मागणं होतं. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या क्षणी त्याने मेलेल्या प्रतिस्पर्ध्याला आपल्या शेजारी उभं केलं. खेळाच्या इतिहासात याहून मोठ्या मनाचा क्षण मला ठाऊक नाही.

बेलफास्टमध्ये त्याची मिरवणूक निघाली आणि डब्लिनमध्येही. किताब मात्र वर्षभरच राहिला. 23 जून 1986 रोजी लास वेगासमध्ये, उघड्यावर, पारा चाळिशीच्या वर असताना तो टेक्सासच्या स्टीव्ह क्रूझशी लढला. क्रूझ हा ऐनवेळी आलेला बदली प्रतिस्पर्धी. अंगातलं पाणी संपत गेलेला बॅरी दहाव्या फेरीत एकदा आणि पंधराव्या फेरीत दोनदा खाली पडला. अगदी थोड्या गुणांनी किताब गेला आणि त्याला थेट इस्पितळात हलवावं लागलं. पुढच्या वर्षी वडील वारले. ईस्टवुडशी बिनसलं ते कोर्टापर्यंत गेलं आणि 1992 मध्ये बदनामीच्या दाव्यात बॅरी हरला. 1988 मध्ये तो रिंगमध्ये परतला होता, पण पुढच्याच वर्षी जिम मॅकडॉनेलकडून हरल्यावर त्याने हातमोजे उतरवले. एकूण 35 लढती, 32 विजय. पुढे त्याने उत्तर बेलफास्टच्या प्रॉटेस्टंट वस्तीतल्या कार्ल फ्रॅम्प्टनला जगज्जेता केलं. तेही नातं शेवटी कोर्टात गेलं.

मॅग्विगनने शांतता आणली असं मी म्हणणार नाही. क्लोन्सपासून फार लांब नसलेल्या एनिस्किलनमध्ये 1987 साली स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात बॉम्बने 11 माणसं मारली. शांतता करार व्हायला 1998 उजाडलं आणि तो राजकारण्यांनी, बायाबापड्यांनी, थकलेल्या समाजाने मिळून घडवला. मॅग्विगनने केलं ते एवढंच, की आपला विजय कुणालाही दुसऱ्याच्या विरोधात वापरू दिला नाही. दोन्ही बाजूंच्या धमक्यांच्या काळात, हातात जगाचा किताब असताना, हे करायला रिंगमधल्यापेक्षा जास्त छाती लागते. आयर्लंडने त्याच्याहून सरस मुष्टियोद्धे दिले असतील, केटी टेलरचं नाव तर लगेच ओठांवर येतं. पण फाटलेल्या समाजात खेळाडूने कसं वागावं, हे शिकायचं असेल तर माझ्या मते मॅग्विगनकडूनच शिकावं. आणि आपण प्रेक्षकांनीही खेळाडू जिंकल्यावर त्याच्या हातात आपल्या भांडणाचा झेंडा द्यायची घाई करू नये.