दसऱ्यापासून गाडी लागेपर्यंत

बालाघाटच्या माथ्यावर आता सीताफळं पिकायला लागली आहेत. सोयाबीनच्या गंजी जिथं वाचल्या तिथं मळणी चालू आहे, कापसाची पहिली वेचणी सुरू आहे आणि उताराच्या रानात ज्वारीच्या पेरणीची घाई आहे. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी अशा तालुक्यांत या दिवसांत तरुण नवरा-बायकोला दोन घरांचं काम एकाच वेळी करावं लागतं. एक हे, मागं राहणारं. दुसरं चार-पाच महिन्यांपुरतं, जे अजून उभंच नाही आणि ज्याचं सामान आत्ताच बांधायचं आहे.

यंदा, म्हणजे 2025 ला, दसरा 2 ऑक्टोबरला झाला. लक्ष्मीपूजन 21 ला, भाऊबीज 23 ला. गाळप हंगाम 1 नोव्हेंबरपासून. म्हणजे दसऱ्यापासून गाडी लागेपर्यंत जेमतेम महिना. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याच्या वर्षभराच्या संसाराचे जवळजवळ सगळे निर्णय या महिन्यात होतात. म्हणून सणाच्या तोंडावर मी फराळावर लिहिण्याऐवजी या महिन्यावर लिहिते आहे.

माझ्या माहेरच्या वाडीतलं एक जोडपं माझ्या डोळ्यांसमोर आहे. तो तेविशीचा, ती वीस वर्षांची. बारावी झाल्यावर तिचं लग्न झालं. मुलगा आठ महिन्यांचा. दोन एकर हलकी जमीन, ती पण भावकीत वाटून आलेली. गेल्या आठवड्यात त्यांच्या ओट्यावर बराच वेळ बसले होते. ती बाजरी निवडत होती. भाकरीचं धान्य इथूनच पोत्यात भरून न्यायचं असतं, तिकडच्या दुकानात विकत घेऊन पुरत नाही. तिखट कुटून झालं होतं. ताडपत्री, पाण्याचे हंडे, एक पत्र्याची पेटी, बाळाच्या झोळीसाठी जुनं लुगडं, लोहाराकडून शेवटून आणलेले दोन कोयते. तो मधूनच वहीत काहीतरी लिही, ती मधूनच "ते तसं नाही, ते मागल्या साली फेडलंय" असं म्हणून त्याला थांबवी. हिशेब तिच्या डोक्यात पक्का होता. वही मात्र त्याच्या हातात होती.

हा हिशेब जरा उघडून सांगते, कारण सगळं त्याच्यापाशी येऊन थांबतं. टोळी जमवणारा मुकादम आपल्याकडं माणूस नाही, कोयता मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, कोयत्याला मिळते. एकट्या गड्याला अर्धा कोयता धरतात आणि त्याला टोळीत घ्यायला मुकादम फारसा राजी नसतो. जानेवारी 2024 मध्ये मजुरीत 34 टक्के वाढीचा करार झाला आणि टनाचा दर 274 रुपयांच्या आसपास होता तो 367 च्या आसपास गेला. वाढ चांगली झाली, त्यासाठी लोक भांडले, याचं मोल मी कमी करत नाही. पण लाखाची उचल घेतली तर ती फिटायला या दरानं 272 टन ऊस तोडावा लागतो. दोघं मिळून पहाटेपासून रात्रीपर्यंत दीड ते दोन टन तोडतात. रोज दोन टन पडले आणि एकही खाडा झाला नाही, तर 136 दिवस. 1 नोव्हेंबरला कोयता लावला तर मार्चचा मध्य उजाडतो. आणि गेल्या हंगामात बऱ्याच कारखान्यांचा पट्टा फेब्रुवारी-मार्चमध्येच पडला होता, म्हणजे गाळप थांबलं होतं. जे टन तोडायचे राहतात ते पुढच्या सालच्या उचलीला चिकटतात. पुढच्या दसऱ्याला जोडपं पुन्हा ओट्यावर बसतं, तेव्हा वहीचं पहिलं पान आधीच भरलेलं असतं.

यंदा त्यात सप्टेंबरचा पाऊस. मराठवाड्यात नद्या गावांत शिरल्या, उभं सोयाबीन पाण्यात कुजलं. यांच्या दोन एकरांतलं निम्मं गेलं. त्यामुळं त्याचं म्हणणं होतं, उचल जास्त घ्यावी, दुकानदाराचं बियाण्याचं देणं भागवावं. तिचं म्हणणं होतं, जेवढं घेऊ तेवढं माझ्या पाठीवर येतं.

हे तिनं अगदी शब्दशः म्हटलं. फडात गडी ऊस तोडत पुढं जातो, बाई मागून वाढं छाटते, पाचट काढते, मोळी बांधते. ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं, भरायचं. रात्री-अपरात्री गाडी आली तर झोपेतून उठून भरायचं. त्याआधी पहाटे स्वयंपाक, त्यानंतर पुन्हा पाणी, चूल, लेकरू. वाढं विकून सुटे पैसे येतात, त्यावर आठवड्याचा बाजार होतो. तेवढे पैसे तेवढे तिच्या हातात येतात. बाकी सगळी रक्कम एका आकड्यात, एका नावावर आणि ते नाव त्याचं. कष्ट दोघांचे असतात, करार एकाचा असतो. आपल्या जिल्ह्यातल्या तरुण संसाराचं सगळ्यात मोठं दुखणं मला हे वाटतं. नवरा-बायकोचं नातंच मजुरीचं माप झालं, आणि त्या मापात बाईचा हिस्सा वेगळा दिसेनासा झाला.

माप झालं की काय होतं ते इतर आकड्यांतही दिसतं. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या शंभर बायकांपैकी जवळपास 44 जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचं प्रमाण 22 च्या आसपास. याला कारणं अनेक आहेत. आई-बाप तोडीला गेल्यावर वयात आलेली मुलगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही भीती खरी आहे आणि तिला नुसतं अडाणीपण म्हणून झटकणं मला पटत नाही. पण लग्न झालं की अर्ध्याचा पूर्ण कोयता होतो, हेही तितकंच खरं आहे.

त्याच 2019 साली गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर खाजगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली, तोडीला जाण्याआधी आणि आल्यानंतर बायकांची तपासणी करायची असं ठरलं. या जोडप्याच्या घरात सासूचीही पिशवी तिशीतच काढलेली. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापले जातात, अंगावरून जायचं, पोटात दुखायचं, कुणीतरी कॅन्सरची भीती घातली आणि झालं. आज ती पन्नाशीच्या आत कंबर धरून बसते. नातू सांभाळायची तिची फार इच्छा आहे, उचलून घ्यायची ताकद नाही.

म्हणूनच या महिन्यातला सगळ्यात अवघड निर्णय लेकराचा. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. गावातच राहून, जेवण मिळून मूल शिकतं. आठ महिन्यांच्या बाळासाठी काय? बरोबर न्यायचं. बांधाला झाड असेल तर झोळी, नसेल तर पाचटावर पोतं. "ताई, गोवराची लस नवव्या महिन्याला हाय म्हणत्यात. नवव्या महिन्यात तर आम्ही कराडच्या अंगाला आसू," ती म्हणाली. आशाताईंनी तिला लसीकरणाचं कार्ड प्लास्टिकमध्ये घालून पेटीत वरच ठेवायला सांगितलंय आणि तिथल्या उपकेंद्रात दाखवायला सांगितलंय. तिनं ते कार्ड मला दोनदा काढून दाखवलं. बाळ जन्मल्यापासूनच्या सगळ्या लसी वेळेवर, एकही रकाना रिकामा नाही. एवढ्या कामातून ही मुलगी ते सांभाळते. उपकेंद्र फडापासून किती लांब असेल आणि त्या दिवशी खाडा पडेल का, हे तिला आत्ता कळायला मार्ग नाही.

या सगळ्यात त्यांचा आपसातला संसार कुठं असतो? मला वाटायचं, हे गावातले दिवसच त्यांचे सुखाचे असणार. सण, घर, भिंती. मी तसं बोलून दाखवलं तर तिनं मान हलवली. इथं एका खोलीत सासू-सासरे, दीर, शेळ्या. नवऱ्याशी सरळ बोलायचं तर विहिरीच्या वाटेवर नाहीतर कापूस वेचताना. तिकडं कोपीत दोघंच. तो चूल पेटवतो, पाणी भरतो. गावात चारचौघांत तो कधी हंड्याला हात लावत नाही. बाळाला पहिल्यांदा आंघोळ घालायला तो तिकडंच शिकणार, असं ती म्हणाली आणि तो लाजून उठून शेळीकडं गेला. मग जरा थांबून म्हणाली, "कोपीत सासू नसती, पण दारबी नसतं."

मी गेले कित्येक दिवस या वाक्यापाशी अडकले आहे. उसाच्या पाचटाची नाहीतर ताडपत्रीची ती कोपी, शेजारी तशाच वीस-पंचवीस. अंधारात उठून आंघोळ उरकायची, कारण उजाडल्यावर आडोसा नाही. शौचाला उसात जायचं. वीज बहुधा नाही, बाजूला कॅनॉल किंवा रस्ता. नव्या जोडप्याला एकमेकांची ओळख व्हावी, रुसवा-फुगवा व्हावा, समजूत निघावी, यासाठी चार भिंती आणि एक कडी लागते. तेवढीसुद्धा या पोरांना दोन्हीकडं मिळत नाही. कारखान्यांनी कोपीच्या जागी पत्र्याच्या का होईना पण दाराच्या खोल्या द्याव्यात, नळ आणि शौचालय द्यावं, ही मागणी बायकांच्या संघटना अनेक वर्षं लावून धरत आहेत. या मागणीचा विचार मी आजवर आरोग्याच्या बाजूनं करत होते. आता मला ती प्रेमाचीही मागणी वाटते.

पैशाचं पुन्हा एकदा. जुलै 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये बायकांच्या स्वतःच्या खात्यात येतात. या वाडीतल्या मोठ्या बायकांच्या बोलण्यात त्यामुळं पडलेला फरक मी पाहिला आहे. रक्कम छोटी, पण बँकेत जाऊन आपल्या अंगठ्यानं काढलेली. हिला ती मिळत नाही, कारण वयाची अट एकवीस आहे. विसाव्या वर्षी ती लेकराची आई आहे, टनांनी ऊस उचलते आहे, आणि तिच्या नावावर येणारा एकही रुपया कुठं नाही. समाजकल्याण खात्यामार्फत ग्रामसेवकांनी ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्रं द्यायची, असं 2021 मध्येच ठरलं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ झालं. माझं सांगणं एवढंच आहे, की ते ओळखपत्र दोघांचं वेगवेगळं असलं पाहिजे, ग्रामपंचायतीनं गाडी लागायच्या आधी ते हातात दिलं पाहिजे, आणि उचलीच्या कागदावर दोघांची नावं, दोघांच्या सह्या आणि दोघांचे हिस्से स्वतंत्र लिहिले पाहिजेत. एक देश एक रेशनकार्डाची सोय आहे, त्या धान्याचा अंगठा तिकडच्या दुकानात चालतो का, हे इथल्या दुकानदारानं आत्ताच तपासून सांगावं. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही.

17 सप्टेंबरला बीडहून अहिल्यानगरला पहिली रेल्वे सुटली. तीन पिढ्यांनी वाट पाहिली त्या गाडीची, मलाही भरून आलं होतं. या जोडप्याची गाडी मात्र वेगळी. वाडीच्या पारापाशी ट्रक येईल, खाली धान्याची पोती, वर माणसं, कडेला कोंबड्यांचं खुराडं.

उरलेली उचल घेऊन मुकादम भाऊबीजेनंतर यायचा आहे. आखाडात बियाण्यासाठी वीस हजार आधीच घेतलेले. तो अजून ऐंशी घेऊन लाखाचा आकडा पुरा करायचा म्हणत होता. चार रात्री बोलून त्यांचं आता पन्नासावर ठरलंय. सत्तर हजारांना 191 टन. रोज पावणेदोन टन धरले तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत फिटतात, पुढचं तोडलेलं आपलं. दुकानदाराला निम्मं आता, निम्मं गुढीपाडव्याला. आणि पन्नासातले पंचवीस तिच्या खात्यावर टाकायचे. हे मुकादमासमोर मांडायचं कुणी, एवढंच राहिलंय. तो म्हणतो, बाईनं मधी बोललेलं त्याला चालायचं नाही. ती म्हणते, मपल्या वाट्याचं मीच बोलते.