घरातला डबा आणि घरातली गोष्ट



गेल्या काही वर्षांत आपल्या घरांत एक नवी वस्तू आली आहे. नायगाव आणि डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळी असोत, लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोल्या असोत, की दादर-गिरगावातील जुन्या इमारती असोत, टीव्हीच्या वर किंवा दारामागे एक डबा लुकलुकत असतो. त्याचे नाव राऊटर. घरात सगळे त्याला वायफायच म्हणतात. मुलांचा अभ्यास, शिष्यवृत्तीचा फॉर्म, जात पडताळणीचे कागद, नोकरीचे अर्ज, गावाकडच्या आजीशी बोलणे, सारे त्यातूनच जाते. कित्येक ठिकाणी दोन-तीन बिऱ्हाडे एकच जोडणी वाटून घेतात आणि महिन्याचे पैसे वर्गणी काढून भरतात.

आता या डब्यांत एक सोय कारखान्यातूनच बसवून येऊ लागली आहे. खोक्यावर लिहिलेले असते की हा राऊटर घराची सुरक्षा करील, फसव्या साइट अडवील, व्हायरस येऊ देणार नाही, मुले किती वेळ काय पाहतात याचा हिशेब मोबाईलवर देईल. ऐकायला छानच वाटते. जोडणी करायला आलेल्या मुलाला आपण म्हणतो, "सगळे चालू करून दे." तो पडद्यावरचे 'मान्य आहे' दाबतो आणि निघून जातो. आपण काय मान्य केले, हे मात्र घरात कोणालाच ठाऊक नसते. आज त्याविषयीच बोलू.

प्रथम हा राखणदार काम कसे करतो ते पाहू. पोस्टाचे पाकीट डोळ्यांसमोर आणा. पाकिटावर पत्ता असतो आणि आत पत्र असते. आज बहुतेक साइटवरचा मजकूर बंद पाकिटातून जातो, म्हणून बँकेचा पासवर्ड किंवा डॉक्टरला लिहिलेला मजकूर राऊटरला वाचता येत नाही. पत्ता मात्र दिसतो. कोणत्या फोनवरून, किती वाजता, कोणत्या साइटकडे पाकीट गेले, हे त्याला कळते. साइट फसवी आहे की नाही हे ठरवण्यासाठी तो पुष्कळदा तो पत्ता सुरक्षा कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे पाठवून विचारणा करतो. तेथून 'जाऊ दे' किंवा 'अडव' असे उत्तर येते. म्हणजे राखण व्हायची तर पत्ते बाहेर जाणारच. जोडणी देणाऱ्या कंपनीला हे पत्ते तसेही दिसू शकतात. या सोयीमुळे त्यात आणखी एका तिऱ्हाइताची भर पडते.

नुसत्या पत्त्यांनी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. पण पत्ताही पुष्कळ बोलतो. रात्री अकराला क्षयरोगाच्या औषधाची साइट, सकाळी कर्ज देणाऱ्या ॲपची, दुपारी वकिलाची, संध्याकाळी वधू-वर सूचक मंडळाची. एवढ्यावरून घरात काय चालले आहे हे परका माणूस सांगू शकेल. आपल्या मुलांच्या बाबतीत तर जात पडताळणी किंवा मागासवर्गीय शिष्यवृत्तीच्या साइटचा पत्ता पाहिला की घरची जातही कळते.

ही भीती हवेतली नाही. आसूस कंपनीच्या राऊटरमधील संरक्षण ट्रेंड मायक्रो या दुसऱ्या कंपनीचे आहे, आणि ते चालू करताना माहिती त्या कंपनीकडे जाण्यास संमती मागितली जाते. निदान तेथे विचारले तरी जाते, आणि दिलेली संमती मागे घेण्याची सोयही आहे. २०२२ मध्ये टीपी-लिंकच्या एका राऊटरविषयी वृत्त आले. सुरक्षेची सेवा घेतलेली नसतानाही त्या राऊटरकडून अविरा या सुरक्षा कंपनीकडे एका दिवसात ८०,००० हून अधिक विचारणा गेल्याचे एका ग्राहकाने नोंदवले होते.

तिसरे उदाहरण राऊटरचे नाही, पण बोध देणारे आहे. अवास्ट ही व्हायरसपासून संरक्षण देणारी नामांकित कंपनी. लोकांनी विश्वासाने तिचा प्रोग्राम संगणकात घातला. लोक काय पाहतात याची माहिती ती जंपशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत विकत होती. बोभाटा झाल्यावर २०२० मध्ये जंपशॉट बंद झाली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्यास भाग पाडले. राखणदारानेच घरची खबर विकावी, असा हा प्रकार होता.

मग सुरक्षा नकोच का? तसे नाही. २०१७ च्या जुलैमध्ये बीएसएनएल आणि आपल्या मुंबईला जोडणी देणाऱ्या एमटीएनएलच्या जाळ्यातील मोडेमांवर हल्ला झाला. सुमारे ६०,००० मोडेम बाधित झाल्याचे तेव्हाच्या वृत्तांत म्हटले होते. कारखान्यातून आलेला 'ॲडमिन' हा पासवर्ड लोकांनी बदललेला नव्हता, आणि कंपनीने दुरून दुरुस्तीसाठी ठेवलेली वाट बाहेरच्यांनाही उघडी राहिली होती. त्याच वाटेने हल्ला आत आला. पासवर्ड बदला, असे आवाहन बीएसएनएलला ग्राहकांना करावे लागले. कंपनीने दिलेल्या राऊटरला अशी वाट आजही असते, आणि त्यातून ती दुरूनच सेटिंग बदलू शकते. तेव्हा कुलूप हवेच, पण त्याची किल्ली कोणाकोणाकडे आहे हेही ठाऊक हवे.

आता घरातल्या घरात पाहू. राऊटरचे ॲप ज्याच्या मोबाईलवर, त्याला साऱ्या घराची यादी दिसते. कोणाचा फोन कधी जोडला गेला आणि काही राऊटरमध्ये कोणती साइट उघडली, हेही कळते. जोडणी वाटून घेतली असेल तर शेजारच्या वहिनींची यादीही त्यात आली. एका खोलीत सहा माणसे राहतात तेथे आडोसा मुळातच कमी. सासरी त्रास होत असलेली सून मदत कोठे मिळेल हे फोनवर शोधत असेल, आणि तिचा नवरा संध्याकाळी ती यादी वाचत असेल, तर सुरक्षा कोणाची झाली? वयात आलेली मुलगी पाळीच्या तक्रारीविषयी वाचते, ते तिच्या भावाला कळण्याचे काही कारण नाही. लहान मुलांवर लक्ष जरूर ठेवावे. पण लक्ष ठेवतो आहोत हे त्यांना सांगून ठेवावे.

घराच्या आतल्या गोष्टीला संरक्षण हवे, हा विचार आपल्याला नवा नाही. मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी संविधान सभेच्या मूलभूत हक्कविषयक उपसमितीपुढे जो मसुदा ठेवला, त्यात माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती व जप्ती होऊ नये असे कलम होते. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या नावाने तो मसुदा प्रसिद्ध आहे. पुढे ते कलम संविधानात आले नाही. सत्तर वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा कलम २१ खालील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. बाबासाहेबांच्या त्या मसुद्याचा उल्लेख या निकालात आहे.

त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. मात्र कंपन्यांवरील बहुतेक बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. या कायद्यातील दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. माहिती घेण्यापूर्वी ती कशासाठी घेतो हे कंपनीने स्पष्ट सांगितले पाहिजे, आणि ती सूचना आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय ठेवली पाहिजे. दुसरी गोष्ट, दिलेली संमती केव्हाही मागे घेता आली पाहिजे. याच कायद्यात सरकारला मोठ्या सवलती ठेवल्या आहेत, हेही ध्यानात असावे.

आता प्रत्येक घराने काय करावे ते सांगते. त्यात खर्च काही नाही. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊन अर्धा तास बसा.

१. राऊटरच्या तळाशी चिकटवलेला मूळ पासवर्ड बदला. सेटिंग उघडण्याचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदला. दोन्ही वहीत लिहून ठेवा.

२. राऊटरचे ॲप उघडून सुरक्षेची कोणती सोय चालू आहे ते पाहा. ती दुसऱ्या कंपनीची असेल तर कंपनीचे नाव आणि माहिती कोठे जाते ते वाचा. समजत नसेल तर बंद ठेवा. 'खासगीपणा' किंवा 'प्रायव्हसी' या सदरात संमती मागे घेण्याची सोय आहे का, तेही शोधा.

३. राऊटरचे अद्ययावतीकरण, ज्याला अपडेट म्हणतात, ते मात्र कधीही बंद करू नका. भोके बुजवली जातात ती त्यानेच.

४. जोडणी वाटून घेत असाल तर शेजाऱ्यांसाठी पाहुण्यांचे वेगळे वायफाय सुरू करा. बहुतेक राऊटरमध्ये ती सोय असते. कोणाला कोणाची यादी दिसते, हे वर्गणी घेतानाच सांगा.

५. कोणती साइट कोणी पाहिली याची नोंद ठेवणारी सोय चालू ठेवायची का, हे घरातल्या मोठ्यांनी मिळून ठरवा. त्यात सुनेचे आणि मुलीचे मत घ्या.

६. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत केलेली तक्रार पैसे वाचवू शकते.

जोडणी करणारा मुलगा पुढच्या वेळी 'मान्य आहे' दाबायला निघाला, तर त्याला थांबवा आणि विचारा, "बाळा, हे कशाला संमती देतोस, ते आधी वाचून दाखव." त्याला दोन मिनिटे जास्त लागतील. तेवढी त्याला लागू द्यावीत.