हृदयविकार केवळ पुरुषांचा?

हृदयविकाराचा झटका म्हटला, की डोळ्यांपुढे उभा राहतो तो छातीवर हात दाबून खाली बसणारा, पन्नाशीतला कर्ता पुरुष. नाटक-सिनेमांनी हे चित्र पक्के केले, वैद्यकशास्त्रानेही दीर्घकाळ तेच गृहीत धरले आणि घराघरांतून ते मान्य झाले. या चित्रात स्त्रीला जागा नाही. वस्तुतः हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच जगभर स्त्रियांच्याही मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण आहे. स्त्रीचे हृदय निसर्गतःच सुरक्षित असते, हा समज जितका जुना तितकाच घातक असून तो मोडून काढणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

या समजाच्या मुळाशी एक अर्धसत्य आहे. ५२ देशांतील रुग्णांची पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात असे दिसून आले, की स्त्रियांना पहिला झटका पुरुषांच्या तुलनेत सुमारे नऊ वर्षे उशिरा येतो. परंतु उशीर म्हणजे मुक्ती नव्हे. रजोनिवृत्तीनंतर हे अंतर कमी होत जाते, आणि मधुमेह असेल तर ते त्याआधीच पुष्कळसे पुसले जाते. मधुमेहामुळे प्राणघातक हृदयविकाराचा धोका पुरुषांत जितक्या पटीने वाढतो, त्याच्या सुमारे दीडपट प्रमाणात तो स्त्रियांत वाढतो, हा निष्कर्ष २००६ साली अनेक अभ्यासांच्या एकत्रित छाननीतून निघाला. गरोदरपणी वाढलेला रक्तदाब, त्या काळात उद्भवलेला मधुमेह, अकाली आलेली रजोनिवृत्ती हे तर केवळ स्त्रीच्याच वाट्याला येणारे धोके. बाळंतपण सुखरूप पार पडले, की त्या रक्तदाबाची आठवण कोणी ठेवीत नाही; स्त्रीचे शरीर मात्र ती वर्षानुवर्षे ठेवते. आपल्याकडील स्त्रिया धूम्रपान क्वचितच करतात, हे खरे. पण म्हणून निश्चिंत राहता येत नाही. मशेरीतही तंबाखूच असते आणि चुलीचा धूरही हृदयाला अपाय करतोच.

गोमंतकीयांना तर या विषयाकडे पाठ फिरविणे मुळीच परवडणारे नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले: देशाची सरासरी ११.४ टक्के, तर गोव्याची २६.४ टक्के! हे आकडे आणि वरील दीडपट धोका एकत्र वाचले, म्हणजे संकट कोणत्या उंबरठ्यावर उभे आहे ते निराळे सांगावयास नको.

शास्त्रानेही या बाबतीत स्त्रीवर अन्यायच केला. अॅस्पिरिनमुळे पहिल्या झटक्याचे प्रमाण ४४ टक्क्यांनी घटते, असा निर्वाळा १९८९ साली मिळाला तो २२ हजार अमेरिकन डॉक्टरांवरील प्रयोगातून. त्यांत एकही स्त्री नव्हती. पुढे सुमारे ४० हजार स्त्रियांवर स्वतंत्र प्रयोग झाला आणि २००५ साली उत्तर आले, की स्त्रियांत पहिल्या झटक्याच्या बाबतीत असा लक्षणीय लाभ दिसत नाही. तेथे लाभ दिसला तो पक्षाघाताच्या बाबतीत. जे पुरुषाला लागू ते स्त्रीला आपोआप लागू होते, या गृहीतकाला याहून चोख उत्तर कोणते हवे? उपचारांचीही तीच कथा. स्त्रीला आपला विकार पुरुषासारखाच असल्याचे आधी सिद्ध करावे लागते, तेव्हा कुठे तिला पुरुषासारखे उपचार मिळतात, असा रोखठोक आक्षेप हृदयरोगतज्ज्ञ डॉ. बर्नाडीन हीली यांनी १९९१ सालीच नोंदविला होता. त्यानंतर पुष्कळ सुधारणा झाली. तथापि स्त्रिया रुग्णालयात उशिरा पोहोचतात व अँजिओप्लास्टीसारखे उपचार त्यांना तुलनेने कमी मिळतात, असे अनेक देशांतील अभ्यास आजही सांगतात.

आपल्या घरांतून काय घडते? छातीत दुखणे हे स्त्रियांतही मुख्य लक्षण आहेच. पण त्याच्या जोडीला धाप, मळमळ, जबडा वा पाठ दुखणे, विलक्षण थकवा ही लक्षणे त्यांच्यात अधिक आढळतात. चतुर्थीच्या धांदलीत घरच्या बाईला असे काही झाले, तर ‘पित्त असेल’ म्हणून ओवा चावून ती पुन्हा नेवऱ्या तळावयास बसते. घरातले सर्व जेवल्यावर जेवावे, सर्वांचे औषधपाणी झाल्यावर आपले पाहावे, ही तिची शिस्त. तिचे कौतुक पुष्कळ झाले. तिची किंमत कोणी मोजली नाही. त्यातूनही ती डॉक्टरांकडे गेलीच आणि अँजिओग्राफीत मोठ्या धमन्या मोकळ्या दिसल्या, तर ‘मनाचे दुखणे’ म्हणून तिची बोळवण होण्याचा संभव असतो. सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकार त्या चित्रात दिसत नाही आणि तो स्त्रियांत अधिक आढळतो, हे आता शास्त्राला ठाऊक आहे.

झटका आल्यावर प्रत्येक मिनिटागणिक हृदयाचा स्नायू मरत असतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय रुग्णांच्या एका मोठ्या नोंदणीनुसार, तीव्र झटका आलेल्यांपैकी निम्म्या रुग्णांना रुग्णालय गाठण्यास सहा तास वा त्याहून अधिक वेळ लागला. त्या नोंदणीत स्त्रिया जेमतेम एक चतुर्थांश होत्या. त्यांना विकार कमी म्हणून त्या कमी, की त्या रुग्णालयापर्यंत पोहोचल्याच नाहीत म्हणून, हा प्रश्न आम्हांस अस्वस्थ करतो.

म्हणूनच आमच्या सूचना साध्या आहेत. हृदयविकारावर किती स्त्रियांना व किती पुरुषांना, किती वेळात, कोणते उपचार मिळाले, हे आकडे आरोग्य खात्याने दरवर्षी वेगवेगळे प्रसिद्ध करावेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात चाळिशीच्या स्त्रीची तपासणी करताना तिच्या गरोदरपणातील रक्तदाब व साखर यांची विचारपूस व्हावी आणि त्याची नोंद राहावी. सत्तरीपासून काणकोणपर्यंतच्या महिला मंडळांनी हळदीकुंकवाच्या निमित्ताने रक्तदाब व साखर तपासणीची शिबिरे भरवावीत. आणि घरच्या पुरुषांनी एवढे तरी करावे: बायको, आई वा बहीण ‘बरे वाटत नाही’ म्हणाली, तर ओवा शोधण्याआधी १०८ क्रमांक फिरवावा. ती स्वतः तो फिरविणार नाही. तिला सवय आहे ती दुसऱ्यांसाठी धावण्याची.