आधी गुण लिहा, मग ‘अपयश’

‘कळा आणण्याचा प्रयत्न अयशस्वी, सबब सिझेरियन.’ केसपेपरवरच्या या ओळीत अपयश कोणाचे, हे लिहिलेले नसते. ते स्त्रीच्या शरीराच्या माथी आपोआप मारले जाते. गर्भाशयमुखाची तयारी आधी नोंदवलेलीच नसेल, तर हा निष्कर्ष विज्ञानाचा नव्हे, सोयीचा असतो.

एडवर्ड बिशप यांनी १९६४ साली मांडलेली गुणपद्धती साधी आहे. गर्भाशयमुख किती उघडले, किती आखूड झाले, किती मऊ आहे, कोणत्या दिशेस वळले आहे आणि बाळाचे डोके किती खाली उतरले आहे, या पाच बाबींची १३ पैकी बेरीज. ८ किंवा अधिक गुण असतील, तर कळा आणूनही योनिमार्गे प्रसूतीची शक्यता आपसूक सुरू झालेल्या कळांइतकीच असते. ६ किंवा कमी असतील, तर आधी गर्भाशयमुख मऊ करणे भाग आहे.

गुण तपासणाऱ्यागणिक बदलतात, हा आक्षेप खरा आहे. पण माप ढोबळ आहे म्हणून मोजायचेच नाही, हा कोणता न्याय? आणीबाणीत थांबता येत नाही, हेही खरे. मात्र तेव्हा कमी गुण ‘थांबा’ म्हणत नाहीत, मार्ग कोणता घ्यावा ते सांगतात. हे मार्ग महागडेही नाहीत. रक्तदाब वाढलेल्या ६०२ गर्भवतींवर नागपुरात झालेली चाचणी २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. तोंडावाटे मिसोप्रोस्टॉल दिलेल्यांपैकी ५७ टक्के, तर फोली कॅथेटर वापरलेल्यांपैकी ४७ टक्के स्त्रियांची चोवीस तासांत योनिमार्गे प्रसूती झाली.

अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांच्या २०१४ च्या शिफारशीनुसार, आई व बाळ सुखरूप असतील तर पाणमोट फुटल्यानंतर किमान १२ ते १८ तास ऑक्सिटोसिन दिल्याशिवाय ‘अपयश’ म्हणू नये. विज्ञान इतका धीर धरायला सांगते. घाई रुग्णालयाच्या वेळापत्रकाची असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. सरकारी संस्थांत १४.३ टक्के, तर खासगी संस्थांत ४७.४ टक्के. ही तफावत केवळ कळा आणण्यामुळे नाही. पण कच्च्या गर्भाशयमुखावर घाई केल्याचा त्यात वाटा किती, हे कोरा केसपेपर कधीच सांगणार नाही.

म्हणून कळा आणण्यापूर्वी कारण आणि गुण, दोन्ही लिहिणे बंधनकारक व्हावे आणि ते त्या स्त्रीला समजावून सांगितले जावेत. ज्या शरीराची तयारी कोणी पाहिलीच नाही, त्याला नापास ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही.